फळ्याची मागची बाजू

फुटबॉलच्या मैदानाच्या कोपऱ्यात गोल मांडायचा जो उंच लाकडी फळा होता, त्याच्या पोटात मामांचं अर्धं आयुष्य गेलं. पोटात म्हणजे खरोखर पोटात. फळ्याला दोन बाजू होत्या, मधे माणूस अंग चोरून हिंडेल एवढी पोकळी आणि त्या पोकळीत आडवी टाकलेली एक फळी. मामा शिडीने चढून तिच्यावर बसायचे. पुढच्या लाकडात एक फट होती, तिला डोळा लावला की सगळं मैदान दिसायचं. गोल झाला की पत्र्याची पाटी उचलायची, हात बाहेर काढून पुढच्या खिळ्याला अडकवायची, मग वळून तोच आकडा मागच्या खिळ्याला.

मागे पाट्या लावायला क्लबाने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मागे गल्ली होती. मैदानाची भिंत आणि गल्लीतली घरं यांच्यामधे हातगाडी जाईल एवढाच रस्ता. गल्लीला सामना सगळा ऐकू यायचा, दिसायचा मात्र काडीचा नाही. ओरडा झाला की खिडक्यांतून माना बाहेर यायच्या, "कुणाचा? अहो मामा, कुणाचा?" दर वेळी घसा फोडण्यापेक्षा पाटी लावलेली बरी, म्हणून मामांनी त्या बाजूलाही खिळे ठोकले. एरवी ते खोक्यांच्या कारखान्यात दिवसभर खिळेच ठोकायचे, तेव्हा खिळ्यांना तोटा नव्हता.

खरं तर ते एकाच माणसाचे मामा. फळ्यासमोर वरच्या खोलीत त्यांची थोरली बहीण राहायची, खिडकीत मशीन टाकून कोटांना अस्तर लावायची. मुलगा रांगत असतानाच तिचा नवरा जो गेला तो परतला नाही. मामांचीही बायको लवकर वारली, आणि दुसरी करायचा विषय त्यांनी कुणाला काढू दिला नाही. त्यामुळे त्या पोराला बाप म्हणा, आजोबा म्हणा, काय म्हणायचं ते मामाच. त्याचं ऐकून अख्खी गल्ली मामा म्हणू लागली.

पोरगा वाढला तो असा वाढला की दाराची चौकट त्याला पुरेना. गल्लीने नाव ठेवलं खांब्या. गोलला दोन खांब असतात, हा तिसरा. मामांनी त्याला मैदानाच्या भिंतीवर चेंडू मारून मारून झेलायला शिकवलं. आईने उरलेल्या अस्तराचे थर एकावर एक शिवून त्याचे पहिले हातमोजे केले. आणि एक दिवस तो भिंतीच्या पलीकडे जाऊन क्लबाच्या गोलात उभा राहिला. त्या दिवसापासून समोरच्या संघाच्या खान्यात पाटी लावायची वेळ आली की मामांचा हात जड व्हायचा.

मग ती अदलाबदल झाली.

क्लबाला मोठं नाव हवं होतं, आणि मिळालं. पुढे खेळणारा, देखणा, ज्याचे फोटो पानटपऱ्यांपासून दवाखान्यांपर्यंत चिकटवलेले असतात असा. त्याच्या बदल्यात क्लबाने तीन माणसं दिली. डावीकडून पळणारा, ज्याला गल्ली वारा म्हणायची. बचावात मधोमध उभा राहणारा दगड. आणि खांब्या. नव्या आलेल्याला गल्लीने पहिल्या दिवसापासून पाहुणा म्हटलं, ते काही आदराने नव्हे.

"तीन देऊन एक," बेकरीवाला म्हणाला. "मी असा धंदा केला तर चार दिवसांत भट्टी विझेल."

"वारा आणि दगड मागितले होते म्हणे त्यांनी," त्याच्या दुकानात पाव घ्यायला आलेला कुणी तरी म्हणाला. "खांब्याला आपल्या क्लबानेच वर टाकलं. तराजू जमेना म्हणून ठेवतात तसं."

मामा तिथेच उभे होते. त्यांनी पाव घेतला आणि घरी गेले. ते ‘वर टाकलं’ मात्र त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं.

पाहुण्याच्या पहिल्या सामन्याला मैदान फुटायची वेळ आली. पाहुण्याने दोन गोल मारले, संघाने एक खाल्ला. मामांनी पुढे दोन-एक लावलं आणि सवयीने मागे वळले. खाली गल्ली फळ्याकडे पाठ करून उभी होती.

"मामा, ते आमच्याकडे लावू नका," बेकरीवाला वर न बघता म्हणाला. "आमचं कोणी नाही त्यात."

"मग काय लावू? माझं वय?"

"ही देवघेव झाली नसती तर काय झालं असतं, ते लावा."

तो चेष्टेत बोलला. मामांनी मात्र ते मनावर घेतलं. पाहुणा नसता, तर ते दोन गोल नसते, हे सरळ होतं. आणि जो खाल्ला तो डावीकडून जमिनीलगत आला होता. तसला चेंडू खांब्याने डुलकी घेता घेता अडवला असता. मामांनी पाट्या चाळल्या आणि मागे शून्य-शून्य लावलं.

गल्लीने माना वळवल्या. आधी कुणाला कळेना, मग एकेक जण हसायला लागला.

"अरे, वाचलो की," बेकरीवाला म्हणाला. "एक गुण पदरात पडला."

तिथून ती रीतच पडली. पुढच्या बाजूला पाहुण्याचा संघ खेळायचा, मागच्या बाजूला न विकलेला संघ. मामा फटीला डोळा लावून एकेक चाल बघायचे आणि मनातल्या मनात माणसं बदलायचे. इथे वारा असता तर पोचला असता का? इथे दगडाने पाय घातला असता, फाऊल झाला असता. खालून लोक वाद घालायचे. "मामा, वाऱ्याला एवढा दम नव्हता हो, शेवटी शेवटी जीभ बाहेर यायची त्याची." मामा तेही मानायचे. वाऱ्याने फुकट घालवलेल्या संधी त्यांनी गोलात धरल्या नाहीत. दगडाला एकदा मैदानाबाहेर काढलं, कारण त्याचा राग त्यांना ठाऊक होता. या बाबतीत माणूस चोख.

एक सोडून. समोरच्याच्या खान्यात जी शून्याची पाटी पहिल्या दिवशी लागली, ती निघाली नाही. प्रत्येक गोल बघून मामा मान हलवायचे, "हा खांब्याने घेतला असता." वर गेलेला, खाली आलेला, कुणाच्या पाठीला लागून वळलेला, सगळे घेतले असते.

त्यात खरा संघ गाळात जायला लागला. नव्या गोलकीपरच्या हातांना लोणी लावल्यासारखं झालेलं, बचावात कुणी कुणाला ओळखत नव्हतं, आणि सहा-सात सामन्यांत पाहुण्याची मांडी धरली. त्यानंतर तो लांब कोट घालून प्रेक्षकांत बसायचा, टाळ्या वाजवल्यासारखं करायचा. बेकरीच्या भिंतीवर कोळशाने मागच्या संघाचे गुण लिहिले जात. तो संघ वर चढत होता. दमून आलेली माणसं आता "आज आपलं काय झालं?" विचारायची, आणि आपलं म्हणजे कुठलं हे कुणी विचारत नव्हतं. फक्त मामांची बहीण कधी हसली नाही. मशीन थांबवून ती त्या शून्याकडे बघायची आणि पुन्हा पाय हलवायला लागायची.

"त्याचा काही निरोप?" मामा विचारायचे.

"बरा आहे म्हणतो. जेवण बरं आहे म्हणतो."

"खेळवतात ना?"

"ते नाही म्हणत."

खांब्या परत आला तो एका दुपारी, कुणाला न सांगता, जाताना नेलेलीच पिशवी घेऊन. तिथे त्याला एकही सामना मिळाला नव्हता. आधी बेंचवर बसवला, मग बेंचवरूनही उठवला, मग सरळ मोकळा केला. अंगाने सुटलेला होता, गालांवर दाढी, आणि चालताना खाली बघायची नवी सवय लागलेली.  आईने पाण्याचा तांब्या दिला, त्याच्या अंथरुणावर रचून ठेवलेले कोट उचलले आणि जागा करून दिली. संध्याकाळी मामा आले. भाच्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं आलास. इथे तू अजून एकही गोल खाल्लेला नाहीस."

खांब्याला वाटलं मामा गंमत करतोय. मग त्याने खिडकीतून फळा पाहिला.

बेकरीवाल्याने त्याला कामाला घेतलं, तापलेले ट्रे भट्टीतून काढून मांडणीवर लावायला. काम अंगमेहनतीचं, पण पोराला आवडलं. राहिला असता. आई मामांना म्हणालीही, "हात भाजून घेतो, पण रात्री झोपतो. राहू दे त्याला इथेच. मला तो डोळ्यासमोर हवा, बाकी काही नको."

पण गल्ली त्याला नुसता पाव द्यायला सोडते होय?

"कालची पेनल्टी कशी अडवलीस रे?" गिऱ्हाईक विचारायचं.

"उजवीकडे पडलो," पहिल्यांदा खांब्या हसून म्हणाला.

"उजवीकडे? मामा तर म्हणाले डावीकडे."

"मग डावीकडे असेल. मामाने जवळून बघितलं."

दुकान हसलं. दुसऱ्या वेळी तो कमी हसला. पुढे पुढे प्रश्न आला की तो ट्रे उचलून भट्टीकडे वळायचा, रिकामा असला तरी. घरी खिडकीपाशी बसेना. आईने खिडकीला अस्तराचं कापड लावलं, तर गल्लीतून हाक आली, "बाई, पडदा काढा, गोलकीपरला जिंकलेलं दिसू दे की."

एका सुट्टीच्या दिवशी मामा फळ्यात बसून पाट्यांना रंग देत होते. शिडी करकरली. खांब्या वर आला आणि गुडघे हनुवटीला लावून कसाबसा फळीवर मावला.

"मामा, एक गोल खाऊ दे मला."

मामांनी कुंचला डब्यात ठेवला. "म्हणजे?"

"मागच्या बाजूला. एक. जास्त नको."

"उगाच कसा खाशील? खाण्यासारखा आला तर ना."

"मामा, ऐक. मला दिव्यात चेंडू नीट दिसत नाही. उंच आला की एकाचे दोन होतात. दोन्हीतला खरा कुठला कळत नाही. जायच्या आधीपासून आहे हे. मी कोचला सांगितलं होतं, त्याने सेक्रेटरीला सांगितलं. म्हणून मला त्या तराजूत टाकला, तिकडच्या क्लबाला कळायच्या आत."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.  डब्यातल्या रंगावर आलेली साय मामांनी काडीने बाजूला केली.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. चष्म्याने जाणारं नाही म्हणाला."

"पण भिंतीवर तू..."

"भिंतीवर दिवसा खेळायचो, मामा. मला इथून विकलं, इथून विकलं म्हणून तू जळतोस. विकला नसता तर मी इथेच उघडा पडलो असतो. याच मैदानावर, आईच्या खिडकीखाली. एवढी एकच गोष्ट क्लबाने माझ्यासाठी बरी केली. आणि तू मला रोज परत नेऊन त्या गोलात उभा करतोस."

"लोकांना बरं वाटतं रे."

"मला रोज पावाच्या दुकानात उभं राहायचं असतं." मग तो जरा हसला. "एक गोल लाव. लोक शिव्या घालतील, दोन दिवस चिडवतील, आणि मग मी माणसांत येईन. चुकलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही."

"बरं," मामा म्हणाले. "लावतो."

शेवटचा सामना संध्याकाळचा होता. खरा संघ आधीच बुडाल्यात जमा. मागच्या संघाला मात्र, बेकरीच्या भिंतीवरच्या कोळशाप्रमाणे, नुसती बरोबरी केली तरी पहिला नंबर होता. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पत्र्याचे डबे, ट्रे, जे वाजेल ते घेऊन उभी होती. दिवे लागले. सगळ्यात मोठा दिवा फळ्याच्याच डोक्यावर.

समोरच्यांचा पहिला गोल झाला, साधा होता, मामांनी मान हलवली. दुसरा झाला, तोही तसाच. पुढच्या बाजूला पाट्या चढत होत्या, मागे शून्यच. मग उजवीकडून एक चेंडू उंच उठला. दिव्याच्या झोतात गेला, तिथे क्षणभर हरवल्यासारखा झाला, आणि गोलकीपरच्या हातांच्या मागे खाली पडला. सगळं मैदान कण्हलं.

हा खांब्याला दिसला नसता. मामांना हे फटीतून लख्ख कळलं. त्यांनी एकची पाटी उचलली, पुढे नव्हे, मागच्यासाठी. हात बाहेर काढला.

खाली शेकडो तोंडं वर बघत होती. त्यांत शिकवणीला जाणाऱ्या पोरी होत्या, कारखान्यातले त्यांचेच जोडीदार होते, ज्यांनी आयुष्यात कशातच पहिला नंबर पाहिला नव्हता. आणि ते शून्य किती काळ तिथे होतं. खरं सांगायचं तर लोकांपेक्षाही मामांनाच ते काढवेना. आपण वाढवलेल्या पोराच्या नावावर जगात तेवढंच एक निर्मळ उरलं होतं. त्यांनी हात आत घेतला. "कोपऱ्यावर ढकलला असता," ते स्वतःशीच म्हणाले. "बोटाने."

सामना संपला तेव्हा खरा संघ चार गोलांनी हरून खालच्या वर्गात गेला होता, आणि गल्ली पहिली आली होती.

डब्यांचा असा दणका उठला की मैदानातून बाहेर पडणारे रडवेले लोक भिंतीवरून डोकावून बघायला लागले. गल्लीने खांब्याला जिन्यातून ओढून काढला. तो नाही म्हणत होता, पण हसतही होता, अशा वेळी माणूस दुसरं काय करणार. उचलून खांद्यावर घेतला. आई वरून म्हणत होती, "अरे, हळू, डोकं लागेल त्याचं." मामा शिडीवरून उतरले तेव्हा वरात बेकरीपर्यंत गेली होती, तिथून वळून फळ्याखाली आली. दिव्याच्या बरोबर खाली त्यांनी त्याला उतरवलं आणि भोवती रिंगण केलं.

"चॅम्पियन, एक झेल दाखव," बेकरीवाला म्हणाला. मनाचा वाईट नव्हता तो. त्याने दोन्ही हातांनी चेंडू उंच उडवला, पार दिव्यापर्यंत.

खांब्याने वर पाहिलं. त्याचे लांब हात उघडले, मोठ्या डौलात, अगदी लहानपणी मामांनी शिकवले होते तसे, कोपर आत, बोटं पसरलेली. आणि तो एक पाऊल डावीकडे सरकला, जिथे काहीच नव्हतं. चेंडू सरळ त्याच्या तोंडावर आला.

डबे एकेक करून थांबले. नाकातून रक्त आलं होतं. खांब्या अजून हात पसरून उभा होता, दुसरा चेंडू यायची वाट बघत असल्यासारखा.

"थट्टा करतोय," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. काही लोक हसले. त्या हसण्यापेक्षा शिव्या बऱ्या.

मामा पुढे झाले, पण त्यांना रिंगणात शिरता येईना, माणसं एवढी दाटलेली. भाच्याने त्यांना पाहिलं. मग फळ्याकडे वर पाहिलं, शून्याकडे. मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि जिना चढून गेला.

सकाळी मशीनवर हातमोजे होते, आईने शिवलेले, जुने. पिशवी नव्हती. दूरच्या कुठल्या गोदामात त्याला पेट्या चढवताना पाहिल्याचं वाऱ्याने पुढे कुणाला तरी सांगितलं, नंतर तेवढंही कानावर आलं नाही. बहीण मामांशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, आणि ते बोलायला लागले की मशीनचं चाक फिरवायची.

नव्या हंगामात संघ खालच्या वर्गात खेळायला लागला. पाहुणा कधीच दुसरीकडे गेला होता. पहिल्या सामन्याला मैदानात माणसं मोजकी. गल्लीही फारशी बाहेर आली नाही. बेकरीच्या भिंतीला चुना मारला होता.

सामना शून्य-शून्य चालला होता. मामा फळीवर बसले होते, पण फटीला डोळा लावलेला नव्हता. कुठलाच ओरडा झालेला नसताना त्यांनी हात मागे नेला आणि शून्याची पाटी काढली. ती सहज निघेना, खिळ्याला गंजून चिकटली होती. तिच्याखालचं लाकूड ऊन न लागल्यामुळे काळंभोर राहिलं होतं, बाकीचा फळा पांढरा पडलेला. त्या काळ्या जागेवर त्यांनी एकची पाटी लावली.

खाली बेकरीवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याने वर पाहिलं आणि आत गेला.

समोरच्या खिडकीतलं मशीन थांबलं. बहिणीने अस्तराचा पडदा बाजूला केला.

"कसा झाला रे?" तिने विचारलं. कित्येक महिन्यांत आपणहून विचारलेलं पहिलंच काही.

"उंचावरून आला, ताई," मामा म्हणाले. "दिव्यात गेला. त्याला दिसला नाही."

तिने पाटीवरून नजर त्यांच्याकडे वळवली.

"हे तुला माहीत होतं?"

मामांनी होकारार्थी मान हलवली. तिने पडदा सोडला. थोड्या वेळाने मशीन पुन्हा चालू झालं. मैदानात कुणी तरी गोल मारला, पाच-पंचवीस माणसं ओरडली. मामा त्या आवाजाकडे वळले नाहीत. ती गंजलेली पाटी मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले.